चेंडूच्या पुढे धावणारी नजर

‘चेंडूवरची नजर हलू देऊ नकोस,’ असा उपदेश क्रिकेटचे गुरू शिष्याला करीत आले आहेत. तो तंतोतंत पाळणे मात्र निष्णात फलंदाजालाही साधत नाही. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत त्याच्यापाशी पोहोचतो. आणि डोळ्यांनी टिपलेल्या अनपेक्षित बदलानुसार हात वळविण्यास सुमारे एकपंचमांश सेकंद जातो. टप्प्यानंतर चेंडू ऐनवेळी वळला, तर तो दिसूनही उपयोग नसतो!

मग फटका साधतो कसा? मायकेल लँड व पीटर मॅक्लाउड या इंग्लंडमधील संशोधकांनी फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून २००० साली त्या प्रसिद्ध केल्या. चेंडू सुटताना नजर क्षणभर त्याच्यावर खिळते. मग त्याला चक्क सोडून देते, टप्पा जेथे पडणार तेथे आधीच उडी घेते आणि चेंडूची वाट पाहत थांबते. कसलेल्या फलंदाजाची ही उडी लवकर पडते, नवख्याची उशिरा. टप्पा कोठे व केव्हा पडला, एवढ्यावरून मेंदू पुढचा मार्ग ताडतो आणि बॅट तिकडे धाडतो.

गोलंदाजाचे सारे कसब टपलेले असते ते या भाकितावरच.