अभ्यासक्रमाची निवड : कुटुंबाचे आणि समाजाचे कर्तव्य

(नृसिंहवाडी येथे पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जैन परंपरा सांगते की, कल्पवृक्ष लोप पावू लागले आणि लोक चरितार्थाच्या चिंतेने भगवान ऋषभदेवांकडे आले, तेव्हा त्यांनी असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा कर्मे लोकांना शिकविली. आपल्या कन्यांपैकी ब्राह्मीला त्यांनी लिपी दिली आणि सुंदरीला अंकविद्या दिली. या कथेत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. हाताने काम करण्याची विद्या आणि पुस्तकाची विद्या यांत तेथे उच्चनीच भाव नाही. आणि ज्ञानदानाचा आरंभ कन्यांपासून झाला आहे. आजचा विषय सामुदायिक महाविद्यालयातील, म्हणजेच कम्युनिटी कॉलेजमधील अभ्यासक्रमांच्या निवडीचा आहे. त्याचे मूळ याच विचारात सापडते.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे 1901 साली अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. घराजवळ राहून, कमी खर्चात दोन वर्षे शिकावे, मग नोकरी धरावी किंवा विद्यापीठात पुढे जावे, अशी ती सोय होती. भारतात 1995 साली पाँडिचेरी येथे आणि 1996 साली चेन्नई येथे असे प्रयोग झाले. पुढे 2013-14 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ही योजना देशभर हाती घेतली. आयोगाच्या त्या वेळच्या आराखड्यानुसार सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रास 30, एका वर्षाच्या पदविकेस 60 आणि दोन वर्षांच्या प्रगत पदविकेस 120 श्रेयांक ठरविले गेले. त्यांतील 60 टक्के भाग कौशल्याचा आणि 40 टक्के भाग सामान्य शिक्षणाचा होता. कौशल्याने आज पोट भरते. भाषा, हिशेब आणि व्यवहारज्ञान यांमुळे उद्या बदलत्या काळात टिकता येते.

आपल्या भागाला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 1887 साली कुंभोज येथे झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून ते काही काळ शिकले. त्यांच्यापाशी मोठी पदवी नव्हती. तरीही 1919 साली त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा व शिका' हा मंत्र महाराष्ट्राला दिला. वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. श्रम करणारा हात आणि शिकणारे मस्तक एकाच विद्यार्थ्याचे असावे, हे त्या दांपत्याने आचरणातून दाखविले.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "किती टक्के पडले?" टक्के अधिक असतील तर विज्ञान, मध्यम असतील तर वाणिज्य, कमी असतील तर 'एखादा छोटा कोर्स', अशी वाटणी होऊन जाते. मुलाचा कल कोणता, हे कोणी विचारीत नाही. मित्राने अर्ज भरला म्हणून हाही भरतो. वर्षअखेर आवड नाही म्हणून सोडतो. फी तर जातेच. परंतु वयाचे एक वर्षही जाते, आणि ते कोणताही ट्रस्ट परत करू शकत नाही.

कापड घ्यायला आलेले जाणते गिऱ्हाईक केवळ रंगावर भुलत नाही. ते पोत चोळून पाहते, पन्हा मोजून घेते, धुतल्यावर आटेल काय, रंग जाईल काय, हे विचारते. शे-दोनशे रुपयांच्या कापडासाठी एवढी चौकशी करणारा पालक मुलाच्या अभ्यासक्रमासाठी मात्र जाहिरातीच्या कागदावर विश्वास ठेवतो, हे आश्चर्य होय! प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचे अथवा मंडळाचे आहे? त्याचे श्रेयांक पुढे पदवीसाठी धरले जातील काय? 2021 साली सुरू झालेल्या श्रेयांक पेढीत त्यांची नोंद होते काय? प्रत्यक्ष कामाचा अनुभव कोठे मिळतो? मागील तुकडीतील मुले आज काय करीत आहेत? हे पाच प्रश्न प्रवेशापूर्वी विचारावेत. ज्या संस्थेला त्यांचा संकोच वाटतो, तिच्या दारातून शांतपणे परतावे.

अनेकांतदृष्टी ही केवळ तत्त्वचर्चेपुरती नाही. एकाच निवडीकडे मुलाच्या आवडीच्या, घरच्या ऐपतीच्या, परिसरातील कामाच्या आणि पुढील शिक्षणाच्या अशा चारही बाजूंनी पाहणे, हे तिचे व्यवहारातील रूप होय. नृसिंहवाडीचेच उदाहरण घ्या. दत्तदर्शनास येणारा यात्रेकरू पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी घेऊन जातो. पेढेवाल्याच्या मुलाला खवा आटविण्याची कला घरातच मिळते. परंतु पदार्थ किती दिवस टिकेल, वेष्टनावर कोणता मजकूर असावा, 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे परवाना कसा घ्यावा, 2017 पासून आलेल्या जीएसटीचा हिशेब कसा ठेवावा, हे त्याला शिकावे लागते. दुग्ध व अन्नप्रक्रियेचा एक वर्षाचा चांगला अभ्यासक्रम अशा मुलाचे दुकान गावाबाहेरच्या बाजारपेठेशी जोडू शकतो. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न आहे. तेथे माती-पाणी परीक्षण जाणणारे तरुण हवेत. इचलकरंजीत यंत्रमाग आहेत. तेथे वस्त्ररचना आणि यंत्रदुरुस्ती जाणणारे हात हवेत. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनी येथील घरे आणि दुकाने पाण्याखाली घातली. पुराने माल वाहून जातो. अंगी असलेले कौशल्य वाहून जात नाही.

तथापि, जवळचे काम दिसते म्हणून मुलाला त्यातच बांधून ठेवणे योग्य नव्हे. पेढेवाल्याच्या मुलास प्रयोगशाळेची ओढ असेल, तर त्याला तो मार्ग मोकळा असावा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी शिक्षणात मधूनच बाहेर पडण्याची आणि पुन्हा प्रवेश घेण्याची तरतूद केली आहे. छोटा अभ्यासक्रम हा जिन्याची पहिली पायरी असावा. ज्याच्यापुढे जिनाच नाही असा अभ्यासक्रम घेताना दहादा विचार करावा.

एक गोष्ट कटू वाटली तरी सांगितली पाहिजे. अनेक घरांत मुलगा पदवीसाठी शहरात जातो आणि मुलीसाठी 'लग्न होईपर्यंत काहीतरी' म्हणून जवळचा अभ्यासक्रम शोधला जातो. तिचा कल, तिची बुद्धी विचारात घेतली जात नाही. ज्या समाजाच्या आदितीर्थंकरांनी कन्यांच्या हाती लिपी आणि अंक दिले, त्या समाजाला हे शोभत नाही. तिने शिवणकाम निवडले तर ते अवश्य शिकावे. परंतु ती निवड तिची असावी.

उलट काही विद्यार्थी एकामागून एक प्रमाणपत्रे गोळा करीत राहतात. तोही एक परिग्रहच आहे. एकच विद्या घ्यावी, ती नीट मुरवावी, मग दुसरीकडे वळावे. सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र्य या क्रमातही आधी नीट पाहणे, मग जाणणे आणि मग आचरणे आहे.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान या चार दानांत ज्ञानदानाचे माहात्म्य मोठे मानले आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात शैक्षणिक मदतीचा धनादेश देण्याबरोबरच, दरवर्षी प्रवेशापूर्वी एक रविवार समाजातील अनुभवी व्यापारी, शेतकरी, शिक्षक आणि नुकतेच शिकून बाहेर पडलेले तरुण यांनी पालकांसमवेत बसावे. त्या बैठकीस खर्च फारसा येणार नाही, फक्त वेळ द्यावा लागेल. त्या एका रविवारने एखाद्या मुलीचे किंवा मुलाचे एक वर्ष वाचले, तरी हा महोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.

जय जिनेंद्र!