अंगणांतील विस्तव

(धर्मग्रामाच्या जुबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत झालेलें व्याख्यान)



जुबिलीच्या सभेंत कोळसे पेटविण्याचा विषय ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. परंतु परदेशीं नोकरीस गेलेले आपले तरुण सुट्टींत घरीं येतांना झांकणाच्या शेगडीवर मांस भाजण्याचा छंद बरोबर आणीत आहेत, आणि ज्यांच्या दारापुढें चार हात अंगण आहे त्यांना तो मोहांत पाडीत आहे. छंद निर्दोष आहे, व सगळ्या कुटुंबाला अर्धा दिवस एकत्र बसविण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं आहे. तो नीट जडावा, त्यापासून कोणास इजा होऊं नये, व त्याचा भार भलत्यावर पडूं नये, एवढ्यासाठीं आम्ही आज चार शब्द बोलणार आहों.

निखाऱ्यावर भाजणें आपणांस नवें नाहीं. सुके बोंबील आपल्या आज्या चुलीच्या निखाऱ्यावर भाजीत असत. पण तें काम दोन-चार मिनिटांचें. झांकण ठेवून तासन्‌तास सावकाश भाजणें ही गोष्ट मात्र निराळी. बार्बिक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांकडून स्पॅनिश लोकांनीं उचललेल्या 'बार्बाकोआ' या शब्दावरून आला. काठ्यांच्या मांचीवर मांस ठेवून खालीं विस्तव करावयाचा, अशी ती जुनी रीत. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंत शिकागो येथील वेबर बंधूंच्या धातुकामाच्या कारखान्यांत काम करणारे जॉर्ज स्टीफन यांनीं समुद्रांत तरंगत ठेवतात त्या लोखंडी बोयाचा गोळा मधोमध कापला, आणि खालचा अर्धा शेगडीसाठीं व वरचा अर्धा झांकणासाठीं घेतला. आज घरोघर दिसणारी गोल शेगडी ती हीच.

या झांकणानें काय साधलें? उघड्या शेगडींतला विस्तव आपल्या मनाप्रमाणें जळतो. झांकलेल्या शेगडींतला वाऱ्याच्या आज्ञेंत राहतो. तळाशीं एक झरोका असतो, झांकणावर दुसरा. खालून वारा शिरतो, वरून धूर बाहेर पडतो. खालचा झरोका उघडला कीं आंच चढते, आवळला कीं उतरते. चढलेली आंच उतरविण्यास फार वेळ लागतो. म्हणून हवी तेवढी आंच येण्याच्या थोडें आधींच झरोका आवळीत जावें. वरचा झरोका मात्र उघडा असूं द्यावा, नाहींतर कोंडलेल्या धुरानें मांस कडू होतें.

पहिला धडा पेटविण्याचा. कोळसा लांकडी घ्यावा; दगडी कोळसा अन्नाच्या कामाचा नव्हे. त्यावर रॉकेल ओतूं नये, कारण त्याचा वास अन्नाला लागतो आणि भडका उडून माणूस भाजतो. पत्र्याचें दोन्हीकडे उघडें व आंत जाळी बसविलेलें नळकांडें घ्यावें. जाळीखालीं रद्दी चुरगळून ठेवावी, वर कोळसे भरावे व कागदाला काडी लावावी. पंधरा-वीस मिनिटांत वरचे कोळसेहि राखेनें करडे दिसूं लागतात. मग ते शेगडींत ओतावे.

दुसरा धडा निखारे रचण्याचा. ते सगळीकडे पसरूं नयेत. एका बाजूस लोटावे व दुसरी बाजू मोकळी ठेवावी. निखाऱ्यांच्या बाजूस मासा चटकन्‌ भाजतो. मोकळ्या बाजूस जाड मांस भट्टींतल्या पावाप्रमाणें चोहोंकडून शिजतें. चरबी निखाऱ्यावर गळून ज्वाळा उठल्या, तर पाणी न मारतां मांस मोकळ्या बाजूस सरकवावें आणि झांकण घालावें.

नवशिक्यानें पहिल्या दिवशीं कोंबडीच्या तंगड्या घ्याव्या. आदल्या रात्रीं मीठ लावून त्या थंड जागीं ठेवाव्या, म्हणजे मीठ आंतपर्यंत मुरतें. आधीं मोकळ्या बाजूस शिजवून शेवटीं निखाऱ्यांवर कातडी खरपूस करावी. रंग पाहून कोंबडी शिजली असें समजूं नये. टोंचून पाहण्याचा उष्णतामापक मिळतो, तो हाडाला न लावतां सर्वांत जाड भागांत खुपसावा. ७४ अंश सेल्सिअस दिसल्यावांचून कोंबडी कोणाच्याहि पानांत वाढूं नये. कच्चें मांस ज्या ताटांत नेलें त्यांत शिजलेलें परत आणूं नये.

हें साधलें म्हणजे धुरावर शिजविण्याकडे वळावें. त्यासाठीं डुकराच्या खांद्याचें मांस उत्तम. त्यांत चिवट तंतू पुष्कळ असतात. ११० ते १२० अंशांच्या सावकाश आंचेवर ते हळूहळू विरघळतात व मांस बोटांनीं सुटूं लागतें. घाई केली तर तेंच चामड्यासारखें राहतें. निखाऱ्यांवर आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळलेल्या लांकडाचे मुठीएवढे दोन तुकडे ठेवले म्हणजे पुरे. रंग दिलेलें, राळेचें किंवा प्लायवुडचें लांकूड कधींहि घालूं नये. निळसर पातळ धूर चांगला. पांढरा दाट धूर अन्न बिघडवितो.

येथें माणसाच्या धीराची परीक्षा होते. दोन किलोच्या तुकड्यास सात-आठ तास सहज लागतात. मांसाच्या आंतील उष्णता ६५ ते ७० अंशांवर येऊन थबकते, आणि कधीं कधीं दोन-तीन तास हलत नाहीं. नवशिका घाबरतो, कोळसे वाढवितो, दर पांच मिनिटांनीं झांकण उघडतो. वास्तविक विस्तवाचें कांहीं बिघडलेलें नसतें. मांसांतील पाणी पृष्ठभागावर येऊन त्याची वाफ होत असते, आणि घाम सुकतांना आपलें अंग गार व्हावें तसें मांस गार होत असतें. पाणी आटलें कीं आंच पुन्हां चढते. ९० ते ९५ अंशांवर तें उतरवावें, अर्धा तास झांकून ठेवावें, मग सोडवावें. झांकण न उघडतां बसून राहणें, हें या विद्येचें अर्धें शिक्षण आहे.

आतां एक गोष्ट निक्षून सांगतों. जळत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणसाला गुंगी येते आणि झोंपेंतच मरण येतें. म्हणून पाऊस आला तरी शेगडी घरांत, बंद गच्चींत किंवा मोटारींच्या खोलींत नेऊं नये. विझत आलेली शेगडीहि नेऊं नये. थंडीच्या रात्रीं ऊब मिळावी म्हणून तर मुळींच नेऊं नये. राख झांकणाच्या लोखंडी डब्यांत दुसऱ्या दिवसापर्यंत राहूं द्यावी. शेजारणीचे कपडे दोरीवर वाळत असतील तर ते निघेपर्यंत थांबावें.

शेवटचा मुद्दा पुरुषमंडळींसाठीं आहे. या छंदांत एक अन्याय सहज घडतो. पुरुष चिमटा घेऊन शेगडीजवळ उभा राहतो आणि पाहुण्यांची वाहवा घेतो. बाजार, वाटण, कांदा चिरणें, भात, पोळ्या व रात्रीं चिकट भांडीं घासणें हें सारें मात्र घरांतल्या बाईकडे जातें. मग सुट्टी कोणाला मिळाली? ज्यानें विस्तव पेटविला त्यानेंच मीठ-मसाला लावावा, जाळी घासावी, राख काढावी. नाहींतर घरच्या लक्ष्मीच्या कष्टांत आणखी एक भर पडली, एवढेंच म्हणावें लागेल.

योहानाच्या शुभवर्तमानांत कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख दोनदां आला आहे, एकदां अठराव्या अध्यायांत व एकदां एकविसाव्या. आणि त्याकरितां योजलेला ग्रीक शब्द नव्या करारांत या दोनच ठिकाणीं आढळतो. पहिल्या विस्तवाजवळ पेत्र आपलें अंग शेकीत उभा होता, आणि तेथेंच त्यानें आपल्या गुरूला नाकारलें. दुसरा विस्तव सरोवराच्या कांठीं होता. रात्रभर जाळें ओढून थकलेले शिष्य किनाऱ्याला लागले, तों त्यावर मासळी आणि भाकर तयार होती. ती न्याहारी स्वतः प्रभूनें त्यांच्यासाठीं सिद्ध केली होती, व त्यानेंच ती त्यांना वाढली.

बंधूंनो, आपल्या अंगणांतहि या दोहोंपैकीं एक विस्तव पेटणार आहे. नुसतें आपलें अंग शेकावयाचें, कीं थकलेल्यांना बसवून वाढावयाचें, हें चिमटा हातीं घेण्यापूर्वीं ठरवा. पहिलें पान घरांत राबणाऱ्या बाईचें मांडा, दुसरें म्हाताऱ्यांचें, तिसरें मुलांचें. आपलें पान सर्वांत शेवटीं घ्या. त्या दिवशीं मांस थोडें करपलें असलें तरी कोणी तक्रार करणार नाहीं.