मांडी नव्हे, बूस्टर सीट
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटर जास्त आणि मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज पार्किंगच्या जागेवरून सर्वसाधारण सभा तापते! गाड्या वाढल्या, पण नातवंडं अजून आजी-आजोबांच्या मांडीवर बसूनच फिरतात. म्हणून आज चार शब्द बूस्टर सीटबद्दल.

बँकेतल्या सवयीप्रमाणे आधी हिशेब. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी कशावर आदळून थांबली, तर आत मोकळं बसलेलं मूल ज्या वेगाने पुढे फेकलं जातं, तो वेग साधारण आपल्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडण्याइतका असतो. अशा वेळी 18 किलोचं मूल हातात धरून ठेवणं पैलवानालाही जमणार नाही. माया कितीही घट्ट असो, मिठी सुटतेच.

मग गाडीचा पट्टा लावला की झालं? नाही. तो मोठ्या माणसांच्या मापाचा. लहान मुलाच्या तो गळ्याशी येतो आणि खालचा भाग पोटावर चढतो; धक्क्यात पोटातल्या अवयवांना इजा होते. बूस्टर मुलाला उंच बसवते. मग पट्टा खांद्याच्या मधोमध आणि कमरेच्या हाडांवर बसतो.

खरेदी करताना फक्त वय सांगू नका, मुलाचं वजन आणि उंची सांगा. साधारण 15 किलोच्या आतल्या मुलाला स्वतःचे पट्टे असलेली चाइल्ड सीट लागते. त्यानंतर बूस्टर, उंची 135 ते 150 सेंटिमीटर होऊन गाडीचा पट्टा नीट बसेपर्यंत. पाठ आणि डोक्याला बाजूचा आधार असलेली घ्यावी. लेबलवर ‘आर 44’ किंवा ‘आर 129’ हे मानक आहे का, ते पाहा. बसवायची मागच्या सीटवर, खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा असेल तिथेच. नुसता कमरेचा पट्टा चालत नाही. आणि पैसे देण्याआधी आपल्याच गाडीत, मुलाला बसवून पट्टा लावून बघा.

आपल्याकडे पाळणे, सायकली या विंगमधून त्या विंगमध्ये जातात. चांगलीच प्रथा आहे. पण अपघात झालेल्या गाडीतली सीट पुन्हा वापरायची नसते. कागदपत्रं पाहिल्याशिवाय आम्ही कर्ज देत नव्हतो, तसं पूर्वेतिहास कळल्याशिवाय जुनी सीट घेऊ नका.

2019 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालचं मूल असं सुरक्षित न बसवल्यास कायद्यात हजार रुपये दंड आहे. पण दंड भरून सुटता येतं, इजा भरून निघत नाही. तेव्हा आजी-आजोबांनो, “जवळच तर जायचंय” म्हणत मूल मांडीवर घेऊ नका. मांडी गोष्टी सांगायला घरी आहेच.