संगणकाचें कवच आणि पांझरेचे फड



संगणक म्हटला कीं आजच्या गृहस्थाच्या डोळ्यांपुढें चित्रें, चौकटी आणि बोटानें दाबावयाच्या खुणा उभ्या राहतात. परंतु या चित्रांच्या मागें एक जुनें, मितभाषी साधन अद्याप अखंड काम करीत आहे. मनुष्यानें एक ओळ लिहावी, साधनानें ती वाचावी, तींतील आज्ञेचा अर्थ लावून काम करवून घ्यावें आणि उत्तर खालीं लिहून द्यावें, असा त्याचा साधा व्यवहार. या मध्यस्थास 'शेल' म्हणजे कवच असें नांव आहे. कारण यंत्रप्रणालीच्या गाभ्याभोंवतीं तें कवचाप्रमाणें असतें. असें कवच सर्वांस खुलें ठेवून, सुट्या भागांनीं, अनेकांच्या हातून कसें बांधलें जातें आणि आपल्या खानदेशानें त्यांत लक्ष कां घालावें, हें आज सांगावयाचें आहे.

या कवचाची परंपरा अर्ध्या शतकाहून जुनी आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स ही प्रणाली तयार होत असतां केन टॉम्पसन यांनीं १९७१ सालीं तिचें पहिलें शेल लिहिलें. तेथीलच डग मॅक्इलरॉय यांनीं १९६४ सालीं एक कल्पना मांडली होती कीं, बागेंतील पाण्याच्या नळ्या एकीस एक जोडाव्या, त्याप्रमाणें एका प्रोग्रॅममधून निघालेली माहिती दुसऱ्यांत सोडतां यावी. १९७३ सालीं ती कल्पना युनिक्समध्यें उतरली व 'पाइप' या नांवानें रूढ झाली. १९७९ सालीं स्टीफन बोर्न यांचें शेल आलें. परंतु युनिक्सवर कंपनीची मालकी होती. तेव्हां १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम वापरण्याची, वाचण्याची, बदलण्याची आणि वांटण्याची मोकळीक प्रत्येकास असावी, हें त्याचें तत्त्व. त्या प्रकल्पासाठीं ब्रायन फॉक्स यांनीं लिहिलेलें 'बॅश' हें शेल १९८९ सालीं प्रसिद्ध झालें.

पाण्याच्या नळ्यांची ही उपमा आपणांस परकी वाटूं नये. धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें जमीन भिजविण्याची रीत कित्येक शतकांची आहे. नदीवर बंधारा घालावा, त्यापासून कालवा काढावा, कालव्यास चाऱ्या फोडाव्या आणि भिजणाऱ्या जमिनीचे बहुधा चार फड पाडावे. एका फडांत एकच पीक. कोणता फड भिजवावयाचा व कोणता पड ठेवावयाचा, हें गांवानें मिळून ठरवावें. पाटकऱ्यानें पाळीप्रमाणें पाणी सोडावें. बंधारा कोणा एकाचा नसतो, म्हणूनच त्याची डागडुजी सर्वांची असते.

चांगल्या शेलची रचना पुष्कळशी अशीच असते. मधला भाग शक्य तितका लहान ठेवावा. ओळ वाचणें, तिचे तुकडे पाडणें, प्रोग्रॅम सुरू करणें आणि पाइप जोडणें एवढींच कामें त्यानें करावीं. वारंवार लागणारीं कामें निराळ्या संग्रहांत ठेवावीं. अशा संग्रहास 'लायब्ररी' म्हणतात. लिहिलेली ओळ दुरुस्त करण्याचें आणि मागील ओळी पुन्हां पुढें आणण्याचें काम बॅशमध्यें 'रीडलाइन' ही लायब्ररी करते. ती स्वतंत्र असल्यामुळें, प्रोग्रॅममधील चुका शोधणाऱ्या 'जीडीबी'सारखीं इतर साधनेंही तीच वापरतात. ज्याला अधिक सोयी हव्या असतील त्यानें त्या 'प्लगइन' म्हणून वरून जोडाव्या. मधल्या भागास हात लावूं नये.

येथें रचनाकारापुढें एक अवघड प्रश्न उभा राहतो. हा जोडभाग शेलच्या घरांत राहूं द्यावा कीं ओसरीवर बसवावा? १९९० सालीं पॉल फॉलस्टॅड यांनीं सुरू केलेल्या 'झेडशेल'मध्यें जोडभाग शेलच्याच स्मृतींत येऊन बसतो. त्यामुळें काम झपाट्यानें होतें. पण त्यांत बिघाड झाला तर सबंध शेल कोसळूं शकतें. २०१९ सालीं लोकांपुढें आलेल्या 'नूशेल'नें दुसरा मार्ग धरला. तेथें जोडभाग हा निराळा प्रोग्रॅम असतो आणि ठरलेल्या नमुन्याचे निरोप धाडून शेलशीं बोलतो. यांत थोडा वेळ जातो. परंतु एक चारी फुटली म्हणून बंधारा वाहून जात नाहीं. मात्र दोन्ही पद्धतींत एक गोष्ट विसरूं नये. जोडभागास सामान्यतः आपलेच अधिकार मिळतात. आपण जी फाइल पुसूं शकतों ती तोही पुसूं शकतो. म्हणून अनोळखी जोडभाग तपासल्यावांचून घरांत घेऊं नये.

खुलेपणा म्हणजे आपोआप लाभलेली सुरक्षितता, असाही समज नसावा. २०१४ च्या सप्टेंबरांत बॅशमधील 'शेलशॉक' नांवाचा दोष जाहीर झाला. बाहेरून आलेल्या मजकुरांत दडविलेली आज्ञा बॅश मुकाट्यानें पाळीत असे. स्तेफान शाझलास यांनीं हुडकून काढलेला हा दोष १९८९ पासून तेथेंच होता. पंचवीस वर्षें तो मजकूर कोणासही वाचावयास मोकळा होता. जगांतील असंख्य यंत्रें त्यावर चालत होतीं. आणि त्याची देखभाल मुख्यतः चेट रॅमी हे एकटे गृहस्थ स्वेच्छेनें करीत होते. पाणी सर्वांनीं घ्यावें आणि बंधाऱ्याचा गाळ एकानेंच उपसावा, असा हा प्रकार. वाचण्याची परवानगी असणें निराळें आणि प्रत्यक्ष वाचणारे असणें निराळें.

आतां आपल्या भाषेकडे वळूं. पडद्यावर 'तापी' हीं दोन अक्षरें दिसतात. परंतु युनिकोडच्या हिशेबानें त आणि काना, प आणि दीर्घ वेलांटी, अशीं तीं चार चिन्हें होतात. आणि यूटीएफ-८ या साठवणुकींत प्रत्येकीं तीन याप्रमाणें बारा बाइट. शेलनें शब्दाची रुंदी एक मोजली आणि पडदा दाखविणाऱ्या प्रोग्रॅमनें दुसरी मोजली, तर ओळ दुरुस्त करतांना कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि पुसलें जातें दुसरेंच. जोडाक्षरांत ही ओढाताण अधिक. ज्यांची लिपी रोमन आहे त्यांस ही अडचण जाणवत नाहीं. मग ती दूर करण्याची निकड त्यांस कोठून वाटणार? ती उणीव जो रोज भोगतो त्यानेंच ती नेमक्या शब्दांत लिहून कळविली पाहिजे. आणि रचना सुट्या भागांची असल्याचा लाभ येथेंच दिसतो: ओळ दुरुस्त करणाऱ्या एका लायब्ररींत सुधारणा झाली, तर ती वापरणाऱ्या सर्वच साधनांस तिचा फायदा पोंचतो.

हें काम करूं शकणारीं मुलेंमुली आपल्याकडे आहेत. जळगांवीं १९९० पासून विद्यापीठ आहे. २०१८ पासून तें कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव धारण करतें. मुंबईच्या आय.आय.टी.तील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पानें लिनक्स व बॅश यांचे धडे मराठींतही उपलब्ध केले आहेत. त्यांकरितां शुल्क पडत नाहीं. प्रारंभ मोठा असण्याचें कारण नाहीं. देवनागरी ओळ कोठें बिघडते तें पाहावें, बिघाड पुन्हां घडवून दाखवितां येईल असें टिपण करावें, तें देखभाल करणाऱ्याकडे धाडावें. पुढें जमेल तेव्हां दुरुस्तीच्या चार ओळी स्वतः लिहाव्या. त्या स्वीकारल्या गेल्या तर धुळ्यास लिहिलेल्या ओळी दूरदेशींच्या यंत्रावरही चालतील.

घरांतील वडील मंडळींस एवढीच विनंती कीं, काळ्या पडद्यासमोर बसलेलें मूल चित्रें पाहत नाहीं म्हणून वेळ दवडतें आहे, असें समजूं नये. तें काय लिहीत आहे, हें त्यास विचारावें. कदाचित् तें बंधाऱ्याच्या डागडुजीस निघालें असेल.