लहान मेंदूंतील वीज आणि वैशाखांतील ऊन



रस्त्यानें एखादा मनुष्य झोकांड्या खात चाललेला दिसला म्हणजे ‘प्यालेला दिसतो’ असें म्हणून लोक मोकळे होतात. आमच्या वर्धा जिल्ह्यांत १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्यामुळें हा शेरा नुसती थट्टा राहत नाहीं, तो आरोप ठरतो. परंतु पाय अडखळणें आणि जीभ जड होणें हीं लक्षणें दारूखेरीज इतर कारणांनींही उद्भवतात, आणि त्यांतील एक कारण विदर्भाच्या उन्हाळ्याशीं फार निकटचें आहे. तें नीट समजावें म्हणून डोक्याच्या मागील भागांतील एका लहानशा अवयवाची, व त्यांत अहोरात्र चालणाऱ्या विजेच्या व्यापाराची, आज आपण थोडी ओळख करून घेऊं.

मोठ्या मेंदूच्या खालीं, मानेच्या जरा वर, लहान मेंदू असतो. वजनानें तो सबंध मेंदूच्या सुमारें एक दशांश. पण मनुष्याच्या मेंदूंतील सुमारें ८६ अब्ज मज्जापेशींपैकीं जवळजवळ ६९ अब्ज पेशी एवढ्याशा जागेंत दाटीनें वसलेल्या आहेत, असें २००९ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणींत आढळलें. फ्लुरांस नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८२४ साली कबुतरांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, लहान मेंदू काढल्यावर पक्ष्याची हालचाल बंद पडत नाहीं. पण तिच्यांतील मेळ नाहींसा होतो. पंख हलतात, पाय हलतात, पण एकाचा दुसऱ्याशीं ताल जुळत नाहीं.

हा ताल राखण्याचें काम विजेच्या साह्यानें चालतें. प्रत्येक मज्जापेशीच्या आंतील बाजू बाहेरच्या मानानें सुमारें ६० ते ७० सहस्रांश व्होल्ट ऋण असते. म्हणजे आपल्या हातबत्तींतील एका सेलच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. पेशीच्या पातळ पडद्यास सूक्ष्म दारें असतात. तीं उघडलीं कीं बाहेरील सोडियमचे भारित कण आंत घुसतात, क्षणभर विजेची बाजू पालटते, आणि लगेच पोटॅशियमचे कण बाहेर पडून ती पूर्ववत् होते. हा सर्व खेळ एका सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपास आटोपतो. ह्यालाच विद्युत्-स्पंद म्हणूं. त्याचा बिनचूक हिशोब हॉजकिन व हक्सली ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५२ साली मांडला.

लहान मेंदूंतील प्रमुख पेशी पुर्किंये ह्या बोहेमियांतील शास्त्रज्ञानें १८३७ साली वर्णिल्या, म्हणून त्या त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. पोथींत जपून ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी आपण पाहिली असेल; पुर्किंये पेशीचा शाखाविस्तार तसाच चपटा व नाजूक असतो. त्या जाळीवर एक लाखाहून अधिक बारीक तंतूंचे निरोप येऊन पोहोंचतात. गंमत अशी कीं, निरोप आला नाहीं तरी ही पेशी स्वस्थ बसत नाहीं. ती आपण होऊनच स्पंदत राहते. सेकंदाला साधारणपणें ५० स्पंद, मनुष्य झोंपला असतांनाही.

आणि ह्या स्पंदांचा अर्थ काय? तर ‘आवर’ असा. मासाओ इतो ह्या जपानी शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध केलें कीं, पुर्किंये पेशी पुढील पेशींना केवळ आवरून धरतात. बैलगाडी ओढतात बैल. कासरा गाडी ओढीत नाहीं. तरीही गाडी नाल्यांत न जातां वाटेवर राहते ती कासऱ्यामुळें. किती ओढावें आणि कोणत्या क्षणीं सैल सोडावें, ह्यांतच सारें कौशल्य आहे.

ह्या पेशीस आणखी एक तंतु वेलीसारखा बिलगलेला असतो, आणि तो प्रत्येकीस एकच. त्याचा निरोप सेकंदाला सरासरी एखादाच, पण इतका जबरदस्त कीं सारी पेशी हादरते. ‘चुकलें’ असें सांगणारा हा निरोप असावा, अशी उपपत्ति मार ह्यानें १९६९ साली व आल्बस ह्यानें १९७१ साली थोड्या निराळ्या रीतीनें मांडली. माझा जन्म मुलांचे हात धरून अक्षरें गिरवून घेण्यांत गेला. मला ही कल्पना फार पटते. पाटीवरील वांकडा ‘क’ पन्नास वेळां पुसून सरळ होतो, तेव्हां गुरुजींइतकाच हा वेलतंतुही राबत असला पाहिजे.

आतां उन्हाकडे वळूं. अखंड स्पंदणाऱ्या पेशीस आंत शिरलेलें सोडियम सतत बाहेर उपसावें लागतें आणि त्याला प्राणवायु व साखर लागते. शरीराची उष्णता ४० अंशांच्या वर गेली, रक्तपुरवठा मंदावला, कीं ह्या पेशी लौकर बळी पडतात. १९४६ साली उष्माघातानें मरण पावलेल्या १२५ अमेरिकन सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांत पुर्किंये पेशींचा नाश ठळकपणें नोंदलेला आहे. मेलेली पुर्किंये पेशी पुन्हां उगवत नाहीं. म्हणून ऊन लागून वांचलेल्यांपैकीं कांहींची चाल व वाणी कायमची अडखळती राहते. बुद्धि शाबूत असूनही पेला ओठांशीं नेतांना पाणी सांडतें. दारूही ह्याच अवयवाच्या निरोपांत गोंधळ घालते, म्हणून दोघांचें बाह्य रूप सारखें दिसतें. लहान मेंदूंतील रक्तस्राव, किंवा मिरगीवरील फेनिटॉइन ह्या औषधाची मात्रा अधिक होणें, ह्यांनींही तेंच घडतें.

नागपुरांत मे २०१३ मध्यें ४७.९ अंश उष्णता नोंदली गेली. कारंज्यास संत्र्याच्या बागेंत ओलीत करणारा, वीटभट्टीवर किंवा महामार्गाच्या कामावर राबणारा मनुष्य अशाच हवेंत उभा असतो. खिशांत कांदा ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. पण कांदेवाला जर दुपारीं सावलींत बसत असेल, तर श्रेय सावलीचें समजावें. बारा ते चार काम थांबवावें, तहानेची वाट न पाहतां पाणी प्यावें. कोणी उन्हांत बरळूं लागला, तोल जाऊन पडला, तर त्यास सावलींत न्यावें, कपडे सैल करून सर्वांग भिजवावें, वारा घालावा, मान, कांखा व जांघा ह्यांस बर्फ लावावा, आणि लगेच १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी घालूं नये. गाडी येईपर्यंतची वेळ हातचीच असते. त्या वेळेंत अंग थंड केलें तर त्या पेशी वांचूं शकतात.

‘प्याला आहे’ म्हणून ज्यास उन्हांत तसाच पडूं दिला, त्याच्या डोक्यांत त्या वेळीं काय विझत होतें, हें पाहणाऱ्यास कळत नाहीं. म्हणून शेरा मारण्याआधीं त्याच्या कपाळाला हात लावून पाहावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.