कामाच्या ठिकाणचं मन : थोडं मानसशास्त्र, थोडं कोचिंग

(तरुणांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सांगली-मिरजेत कोचिंग म्हटलं की नीट आणि सीईटीचे क्लास आठवतात. आज मी ज्या कोचिंगबद्दल बोलणार आहे, त्यात फळा नसतो आणि नोट्सही नसतात. समोर बसलेला माणूस प्रश्न विचारतो, ऐकून घेतो आणि उत्तर तुमचं तुम्हाला शोधू देतो. मी समुपदेशनाचं काम करते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत माझी ये-जा असते. कारखान्यातले कामगार, नर्स, बँकेतले कर्मचारी, हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारी मुलं, गॅरेज चालवणारे, असे सगळे येतात. येताना बहुतेक जण एकच वाक्य घेऊन येतात : "कामात लक्षच लागत नाही."

आपल्या घरात या वाक्याला दोनच उत्तरं मिळतात. अब्बू म्हणतात, "टेन्शन नक्को ले." खाला म्हणतात, "नजर लागली असेल, उतरवून घे." दोघांचंही प्रेम खरं असतं. पण मनाला नेमकं काय होतंय, हे सांगायला शब्दच नसल्यामुळे मुलगा गप्प बसतो आणि एक दिवस नोकरी सोडून घरी येतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात असं दिसलं की मानसिक विकार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. आकडा विकारानुसार बदलतो. म्हणजे ही फक्त आपल्या मोहल्ल्याची गोष्ट नाही, साऱ्या देशाची आहे.

कामाचा थकवा म्हणजे लगेच आजार, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाशी संबंधित अवस्था म्हटलं. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की ती येते. माणूस पिळून निघतो, कामाबद्दल मनात कडवटपणा साठतो आणि हातून पूर्वीसारखं काम होत नाही. या तीन खुणा लक्षात ठेवा. त्या दिसल्या तर "मी आळशी झालो" असं म्हणण्याआधी थोडं थांबा.

आता मानसशास्त्राकडे वळू. मला सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी ती मांडली. मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत मराठी माणसापर्यंत आणली. त्यामुळे ती शिकायला इंग्रजी उत्तम यायला हवं असं नाही. तिचा गाभा तीन पायऱ्यांत सांगता येतो : घटना, त्या घटनेबद्दल मनात उमटलेलं वाक्य आणि परिणाम. आपल्याला वाटतं की घटनेमुळेच परिणाम झाला. मधलं वाक्य आपल्या नजरेतून सुटतं.

कुपवाड एमआयडीसीतला एक तरुण आला होता. क्वालिटी विभागात काम करतो. त्याने तपासलेला माल ग्राहकाने परत पाठवला आणि साहेब सगळ्यांसमोर ओरडले. त्यानंतर तीन रात्री त्याला झोप नाही, घरात धाकट्या भावावर चिडचिड, आणि राजीनामा लिहून खिशात. मी त्याला म्हटलं, साहेब ओरडले तेव्हा मनात जे आलं, ते जसंच्या तसं लिहून काढ. त्याने लिहिलं : "माझी इज्जत गेली. आता इथे तोंड दाखवता येणार नाही. एवढंही जमत नाही म्हणजे मी नालायकच."

मग आम्ही एकेक वाक्य तपासलं. इज्जत गेली म्हणजे काय झालं? दुसऱ्या दिवशी सोबतचे लोक बोलायचे थांबले का? तर नाही, दोघांनी त्याला मुद्दाम चहाला नेलं होतं. तोंड दाखवता येणार नाही, हे खरं का? तो रोज कामावर जातच होता. एका बॅचचं मोजमाप चुकलं यावरून अख्खा माणूस नालायक ठरतो का? दोन वर्षांत त्याने किती बॅच बरोबर पास केल्या, ते त्यालाच मोजायला सांगितलं. शेवटी त्याने नवं वाक्य लिहिलं : "मोजमाप चुकलं, ती चूक माझी. साहेबांनी चारचौघांत ओरडायला नको होतं, ते मला आवडलं नाही. पण मी हे सहन करू शकतो आणि सुधारूही शकतो." हे वाक्य गोड नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. "सगळं छान होईल" असं आम्ही कुठेच म्हटलं नाही. वाक्य खरं होतं, म्हणून त्याला त्या रात्री झोप लागली. पुढच्या आठवड्यात त्याने साहेबांना वेगळं भेटून सांगितलं, "चूक झाली तर मला बाजूला घेऊन सांगा." राजीनामा खिशातच राहिला.

आता दुसरा मुलगा. त्याचाही कारखानाच, पण अडचण वेगळी. टीव्हीवर काही बातमी आली की डब्याच्या सुट्टीत एक जण त्याला विचारायचा, "काय रे, तुमच्या लोकांचं काय चाललंय?" बाकीचे हसायचे. हा मुलगा डबा घेऊन एकटा बसायला लागला. इथे काय करायचं? मनातलं वाक्य बदल आणि मोकळा हो, असं मी त्याला सांगितलं असतं तर ते मानसशास्त्र झालं नसतं, अन्यायावर पांघरूण घालणं झालं असतं. कारण इथे घटनाच चुकीची आहे.

मला आज तुम्हाला सांगायचं ते एवढंच आहे. मनाचं काम आणि परिस्थितीचं काम वेगळं करायला शिका. कागदावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला, माझ्या मनातलं कोणतं वाक्य मला आतून पोखरतंय. दुसऱ्या बाजूला, बाहेर काय चुकीचं घडतंय आणि ते कोणाकडे मांडायला हवं.

त्या मुलाच्या पहिल्या बाजूला एक वाक्य निघालं, ते तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असेल : "माझ्याकडून काही चुकलं तर सगळ्या मुसलमानांचं नाव खराब होईल." म्हणून तो आजारी असतानाही कामावर जायचा, कोणाला नाही म्हणायचा नाही आणि चेष्टा झाली तरी हसून घ्यायचा. पंचवीस वर्षांच्या मुलाने कोट्यवधी लोकांचं ओझं डोक्यावर घेऊन मशीन चालवायचं, हे कोणाला झेपेल? शेजारच्या मशीनवरच्या मुलाकडून चूक झाली तर ती फक्त त्याचीच असते. तुम्हालाही तेवढा हक्क आहे. चांगलं काम करायचं ते कामासाठी, स्वतःसाठी, घरासाठी. कोणाला काही सिद्ध करून दाखवायची शिक्षा म्हणून नाही.

दुसऱ्या बाजूला त्याने लिहिलं : तारीख, काय बोललं गेलं, कोण हजर होतं. मग त्या माणसाला शांतपणे काय सांगायचं ते ठरवलं : "मी इथे तुझ्यासारखाच कामाला आहे. बातमीचा जाब मला विचारू नकोस." तेवढ्याने थांबलं नाही तर एचआरकडे लेखी द्यायचं. तयारी करताना राग गेला नव्हता आणि जायलाही नको होता. एलिस यांची पद्धत राग मारायला सांगत नाही. डोकं पेटवणारा संताप आणि ठामपणे बोलायला लावणारा राग यांत ती फरक करते. पहिला आपल्यालाच जाळतो. दुसऱ्याच्या जोरावर काम होतं.

आता कोचिंग. जॉन व्हिटमोर या ब्रिटिश प्रशिक्षकाने १९९२ च्या आपल्या पुस्तकातून चार पायऱ्यांची एक पद्धत लोकप्रिय केली : ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार. साताऱ्यात एका दवाखान्यात नर्स असलेली एक मुलगी आली. दर ईदला तिला ड्युटी लागायची आणि दर ईदला ती वॉर्डात रडायची. मी विचारलं, तुला नेमकं काय हवंय? "ईदच्या दिवशी घरी असायला हवंय." आतापर्यंत रजा कशी मागितलीस? तिने मागितलीच नव्हती. सिस्टरना कळायला हवं, असं तिला वाटायचं. पर्याय कोणते? ती म्हणाली, चंद्र दिसेपर्यंत दिवस पक्का नसतो, मग रजा कोणत्या तारखेची मागू? इथे ती स्वतःच अडली आणि स्वतःच सुटली. ड्युटी लागण्याच्या महिनाभर आधी दोन्ही संभाव्य तारखा लेखी कळवायच्या, त्यातली एकच रजा घ्यायची आणि बदल्यात दिवाळीत लक्ष्मीपूजनाची ड्युटी आपण करायची. केव्हा बोलणार? "सोमवारी, राउंड संपल्यावर." मी तिला एकही सल्ला दिला नाही. रजा मिळालीच, शिवाय दिवाळीला घरी जाता आलेली सहकारी तिची मैत्रीण झाली.

ही पद्धत परदेशी वाटत असेल तर मिरजेत सतारमेकरांच्या कारखान्यात जाऊन बसा. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम एकोणिसाव्या शतकात कमी होत गेलं, तेव्हा त्यांतल्या काहींनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला आणि मग बनवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे जवारी काढताना बघा. घोडीचा पृष्ठभाग कानशीने अगदी थोडा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा थोडा घासायचा. शिकणाऱ्या पोराला चांगला उस्ताद "तुला कान नाही" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "परत छेड. कुठे अडकतोय ते सांग." चूक लगेच दाखवायची, कामातली दाखवायची, आणि पोराला स्वतःच्या कानाने ऐकायला लावायचं. तुमच्यापैकी जे सुपरवायझर झालेत किंवा ज्यांच्या दुकानात दोन पोरं कामाला आहेत, त्यांनी एवढं जरी केलं तरी पोरं टिकतील आणि शिकतील.

या सगळ्याला मर्यादाही आहेत. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित आणि मुस्लिम नावांना मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता बरीच कमी निघाली. हा भेद कोणाच्या मनातल्या वाक्याने पुसला जाणार नाही. त्यासाठी संघटना, कायदा आणि धोरण लागतं. कंपनीने बारा-बारा तास राबवून घ्यायचं आणि महिन्यातून एकदा 'सकारात्मक विचार' शिकवायला वक्ता बोलवायचा, हेही चालणार नाही. मुलींनो, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल तर तो ताण नाही, तो गुन्हा आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं सक्तीचं आहे. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

आणि कोच म्हणजे डॉक्टर नव्हे. दोन-दोन आठवडे मन उदास राहिलं, झोप-भूक गेली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायचं. दुआ करायची असेल तर जरूर करा. पण दुआ करतो म्हणून गोळी बंद करू नका. या बाबतीत सातारा नशीबवान आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या या गावात परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं आणि मानसिक आरोग्याचं काम करते. साध्यासुध्या माणसांना प्रशिक्षण देऊन मनाचा प्रथमोपचार करणारे 'मानसमित्र' घडवण्याची कल्पना तिथेच रुजली. तिथे काम करणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर यांचं नाव हमीद दलवाईंवरून ठेवलेलं आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. प्रश्न विचारायला घाबरू नका, हे दलवाईंनी आपल्याला समाजाबद्दल शिकवलं. स्वतःच्या मनातल्या वाक्यांनाही तोच प्रश्न विचारायचा : हे खरं आहे का?

घरी जाऊन तीन गोष्टी करा. एक, या आठवड्यात कामावर मन बिघडलं की घटना, मनातलं वाक्य आणि परिणाम, अशा तीन ओळी लिहा. दोन, महिन्यातून एकदा चार-पाच जणांनी एकत्र बसा. एकाने अडचण सांगायची, बाकीच्यांनी सल्ला न देता फक्त प्रश्न विचारायचे. मुलींसाठी ती जागा सोयीची आणि वेळ उजेडाची असू द्या, नाहीतर त्या येणारच नाहीत. तीन, १४४१६ हा नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला लागला नाही तर शेजारच्या मशीनवरच्या कोणाला लागेल.

आता माझं बोलणं थांबवते. तुमचे प्रश्न ऐकायचे आहेत.