आपल्या वाटणीचे धान्य

(माजरी येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज आपण पाटीवर अक्षरे गिरवणार नाही. आज कार्डावरची अक्षरे वाचणार आहोत. येताना आपापले रेशनकार्ड घेऊन या, असे आम्ही काल सांगितले होते. कोणी ते पिशवीत आणले, कोणी पदरात गुंडाळून आणले. आता ते मांडीवर उघडा. वर नाव कोणाचे आहे? आत नावे किती आहेत? घरात माणसे किती आहेत? दोन्ही आकडे जुळतात का, एवढे आधी पाहा.

हे का पाहायचे, ते एका गोष्टीवरून सांगतो. गोष्ट घडलेली आहे. आणि तीत चूक आमची आहे.

एका कागदाची गोष्ट

आम्ही तेव्हा शाळेत मुख्याध्यापक होतो. परीक्षेचे दिवस होते. एक बाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा वर्षापूर्वी वारला होता. घरी म्हातारी सासू, एक मुलगी, एक मुलगा. मुलगी आमच्याच शाळेत सातवीत होती. बाईच्या हातात एक कागद होता. ती म्हणाली, "गुरुजी, काय लिहेल हाय जी याच्यात? जरासं वाचून द्या ना."

आमच्यापुढे पेपरांचा ढीग होता. आम्ही म्हणालो, "बाई, आज फार काम आहे. दोन दिवसांनी या."

बाई कागद घेऊन परत गेली. दोन दिवसांनी तिला मजुरी लागली, ती आली नाही. आम्हीही विसरलो.

त्या कागदात काय होते? कार्डांची तपासणी चालू होती. अमुक तारखेच्या आत घरातल्या माणसांचे पुरावे आणून द्या, नाहीतर कार्ड बंद होईल, असे त्यात लिहिले होते. तारीख निघून गेली. कार्ड बंद झाले. पुढे आम्हीच तिच्याबरोबर खेपा घातल्या, तेव्हा सात महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले.

आता हिशेब करू. घरात माणसे चार. माणशी पाच किलो. चार पंचे वीस. महिन्याला वीस किलो. सात महिने म्हणजे एकशे चाळीस किलो. जवळजवळ दीड क्विंटल धान्य एका कागदापायी गेले.

धान्याचा हिशेब करता येतो. दुसऱ्या नुकसानीचा करता येत नाही. घरात दाणा नाही म्हणून बाई मिरची तोडायला तेलंगणात गेली. जाताना मुलीला बरोबर नेले. दोन हात जास्त लागले, तर चार पैसे जास्त मिळतील, असा तिचा विचार. ती मुलगी शाळेत परत आली नाही. हजेरीपटावरचे तिचे नाव आम्ही आमच्याच हाताने कमी केले.

मंडळी, तो कागद वाचायला पाच मिनिटे लागली असती. आणि त्या बाईला स्वतः वाचता येत असते, तर आमच्या दारात उभे राहण्याची गरजच नव्हती.

ही भीक नव्हे

पुष्कळ लोक म्हणतात, "सरकारचे फुकटचे कशाला खायचे?" मानी माणसाला असे वाटते. पण थोडा मागचा इतिहास ऐका.

१९४३ साली बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडला. लाखो माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली. त्या वेळी अमर्त्य सेन नावाचा एक लहान मुलगा तिथे हे सारे पाहत होता. पुढे तो मोठा अर्थशास्त्रज्ञ झाला. १९९८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने अभ्यास करून दाखवले, की त्या साली बंगालात धान्य अगदीच नव्हते असे नाही. भाव चढले, मजुरी तेवढी चढली नाही. गरिबाला धान्य घेता येईना. म्हणजे भूक काही केवळ पावसाच्या चुकीने येत नाही. कोठारात धान्य आणि दारात उपाशी माणूस, असेही होते.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर सुकडी वाटत. रेशनवर परदेशची लाल मिलो ज्वारी मिळे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, तिची चव त्यांना आठवत असेल. पण त्या वेळी ही मदत म्हणजे सवलत होती. सरकारने दिली तर मिळाली.

पुढे हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. २००१ साली कोर्टाने सांगितले, की अन्नाच्या या योजना म्हणजे लोकांचे हक्क आहेत. मग २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क कायद्यावर असतो. हा फरक मनात पक्का करा.

शिवाय हे धान्य पिकवले कोणी? आपल्यासारख्या शेतकऱ्यांनी. विकत घेतले कोणाच्या पैशाने? साबणाची वडी घेतली, तरी आपण कर भरतो. तोच पैसा सरकारच्या तिजोरीत जातो. मग आपल्या वाटणीचे धान्य घेताना मान खाली का घालायची?

कोणाला किती?

गरीब कुटुंबांचे दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार अंत्योदय. अगदी गरीब घरांसाठी ही योजना २००० साली सुरू झाली. निराधार विधवा, अपंग, आधार नसलेले म्हातारे, भूमिहीन मजूर, तसेच आपल्याकडचे माडिया आणि कोलाम यांचा विचार यात आधी होतो. या कार्डावर घराला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. माणसे दोन असोत की सात असोत, ३५ किलोच.

दुसरा प्रकार प्राधान्य कुटुंब. यात माणशी ५ किलो. म्हणून इथे नावांची मोजणी महत्त्वाची. सून घरात आली, तिचे नाव घातले नाही, तर ५ किलो गेले. मूल जन्मले, त्याचे नाव घातले नाही, तर आणखी ५ किलो गेले.

पूर्वी तांदूळ ३ रुपये किलो आणि गहू २ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून दोन्ही कार्डांवर हे धान्य मोफत आहे. १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे ते मोफत ठेवण्याचे सरकारने ठरवले आहे. या धान्याचे कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

आणखी एक गोष्ट बायांनी ध्यानात ठेवावी. कायद्याप्रमाणे घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडील बाई ही कार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. आपले नाव वर आहे का, ते पाहा.

धान्य कुठे अडते?

आपली माजरी हे जंक्शन आहे. कोळशाचे डबे भरून उभे असतात. सांधा बदलला नाही, तर भरलेली गाडीही जागची हलत नाही. धान्याचेही तसेच आहे. गोदामात धान्य आहे, पण सांधा अडतो. तो चार ठिकाणी अडतो.

एक, अंगठा. माती, कोळसा, दगड यांत काम करणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. पण तेवढ्या कारणाने खऱ्या माणसाचे धान्य नाकारू नये, असे केंद्र सरकारने २०१७ साली सर्व राज्यांना कळवले आहे. दुसरे बोट लावा. घरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा लावा. तरी जमले नाही, तर परत फिरू नका, तक्रार करा.

दोन, ओळख पटवणे. याला ई-केवायसी म्हणतात. कार्डावरच्या माणसांची ती करावी लागते. ती रेशन दुकानात होते. राहिली असेल, तर आधार कार्ड घेऊन जा.

तीन, परगावी जाणे. मिरची तोडायला गेलो, आता रेशन बुडाले, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. २०१९ पासून एका राज्याचे कार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची सोय सुरू झाली. आता ती देशभर आहे. कार्डाचा बारा आकडी नंबर लिहून जवळ ठेवा. म्हातारी माणसे गावी राहिली, तर थोडे धान्य इकडे आणि थोडे तिकडे, असेही घेता येते.

चार, यादीत नाव नसणे. २०१३ साली ठरलेल्या नियमाप्रमाणे खेड्यात वर्षाचे उत्पन्न ४४ हजार रुपयांपर्यंत असावे लागते. पण जिल्ह्याला किती माणसे घ्यायची, तो आकडाही ठरलेला आहे. म्हणून जागा भरली आहे, असे उत्तर कधी कधी मिळते. इथे आम्हाला एक स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या गावात खाणीत कायम नोकरी असणारे आहेत, आणि ठेकेदाराकडे रोजाने राबणारेही आहेत. ज्याच्या घरी दर महिन्याला पगार येतो, त्याने हे धान्य सोडावे. तो सोडील, तेव्हा कोण्या विधवेला जागा होईल.

काय करावे?

नवे नाव घालायचे असो, मेलेल्या माणसाचे कमी करायचे असो, की नवे कार्ड हवे असो, तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत अर्ज करा. आपल्याला भद्रावतीला जावे लागते. सोबत आधार आणि उत्पन्नाचा दाखला न्या. अर्ज दिला, की पोचपावती मागून घ्या. तोंडी बोलण्यावर घरी येऊ नका.

दुकानात धान्य घेतल्यावर यंत्रातून निघालेली पावती घ्या. तिच्यावरचे किलो वाचा. मग पिशवीतले धान्य ताडून पाहा. कमी भरले, तर नम्रपणे विचारा. ऐकले नाही, तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या, किंवा १९६७ या नंबरावर फोन करा. दुकानावर देखरेखीसाठी दक्षता समिती असते. तीत कोण आहे, हे ग्रामसभेत विचारा. विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

मंडळी, आता शेवटचे. आपण सारे नुकते वाचायला शिकलो आहोत. कोणी म्हणेल, या वयात शिकून काय करायचे? त्याला सांगा, कागद वाचायचा आहे. आपला वाचायचा, आणि शेजारणीचाही. आपल्या दारात कोणी कागद घेऊन आले, तर "दोन दिवसांनी या" असे म्हणू नका. हातातले काम बाजूला ठेवा आणि तो वाचून दाखवा. आम्ही ते केले नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

चला, आता कार्डे उघडा. पहिल्या नावापासून मोठ्याने वाचा.